ह्या वयात कसली आलीय पाठदुखी!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की दप्तराच्या ओझ्यावर तुमच्याकडे एक तरी बातमी येतेच आणि तिच्यात पाठदुखी असतेच असते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर हेच काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितेय. दप्तरामुळे मुलांची पाठ दुखायला लागते असं ठासून सांगावं इतका पक्का पुरावा नाहीये, २०१८ मध्ये ह्या विषयावरच्या ६९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यातनं हेच निघालं. दप्तर हलकं करा, जरूर करा, पण तेवढ्यानं प्रश्न मिटला असं समजून गप्प बसू नका.

कारण शाळकरी वयातली पाठदुखी मोठेपणी पण पाठ सोडत नाही असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं, आणि ह्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. डेन्मार्कमध्ये साधारण ९६०० जुळ्या मुलामुलींना १९९४ मध्ये कंबरदुखीबद्दल विचारलं, तेव्हा ती १२ ते २२ वयाची होती, आणि परत २००२ मध्ये विचारलं. पहिल्या वेळी ज्यांची कंबर वर्षातनं ३० दिवसांपेक्षा जास्त दुखत होती त्यांच्यातल्या २६ टक्के लोकांची आठ वर्षांनी पण तेवढीच दुखत होती, बाकीच्यांमध्ये हेच प्रमाण ९ टक्के. आधी जितके जास्त दिवस दुखलं तितका पुढचा धोका जास्त. आता ह्याचा अर्थ पोराच्या आयुष्याची वाट लागली असा अजिबात नाही, त्या २६ टक्क्यांच्या पलीकडे ७४ टक्के आहेत हे पण बघा ना. पण "वाढीचं वय आहे, दुखायचंच" किंवा "अभ्यास टाळायची नाटकं" म्हणून जे उडवून लावलं जातं ते बरोबर नाही एवढं तर नक्की.

बरं, मनावर घेतलंच तर लोक थेट एक्सरे नाहीतर एमआरआय काढूनच येतात. डेन्मार्कमध्येच ६४० शाळकरी मुलांचे १४ व्या वर्षी एक्सरे काढून ठेवले होते आणि २५ वर्षांनी त्या लोकांना परत गाठलं, तर एक्सरेमधल्या बदलांचा आणि मोठेपणीच्या दुखण्याचा काही संबंध लागला नाही. संबंध कशाचा लागला, तर त्या वयात दुखत होतं का आणि घरात कुणाला कंबरदुखी आहे का ह्याचा. एमआरआयचं तर विचारूच नका, काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांमध्ये पण ३७ टक्के जणांची डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, थोडीफार झिजलेली दिसते. पण रिपोर्टमध्ये तसं काही दिसलं की घरभर "मणक्यात गॅप आलीय" सुरू होतं आणि ते पोरगं वाकायला पण घाबरायला लागतं.

माझ्यासमोर नेहमी काय होतं सांगते. प्रश्न मुलाला विचारला की उत्तर आई देते, "मोबाईल घेऊन पोक काढून बसतो हो, दुसरं काही नाही." मग मी मुलाकडे बघूनच परत विचारते, महिन्यातनं किती दिवस दुखतं रे? तर खाली बघत "रोजच" म्हणतो, आणि हे आईला पण नवीन असतं. मग झोपेबद्दल विचारलं की कळतं, रात्री दोन दोनपर्यंत जागा असतो, डोकं पण दुखतं, खेळणं बंद होऊन वर्ष झालं, परीक्षेचं टेन्शन वेगळंच. ज्यांचं डोकं, पोट वरचेवर दुखतं त्या मुलांमध्ये पाठदुखी जास्त दिसते. दुखणं खोटं आहे असा ह्याचा अर्थ कृपा करून काढू नका, दुखतं ते खरंच दुखतं.

डॉक्टरांकडे लगेच जावं अशी पण कारणं आहेत. दुखण्यानं रात्री जाग येते, ताप आहे, वजन उतरतंय, पायात बधिरपणा किंवा ताकद कमी वाटते, लघवीवरचा ताबा जातोय, तर अंगावर काढू नका. फास्ट बॉलिंग करणाऱ्या मुलाची कंबर मागे वाकताना दुखत असेल तर मणक्याच्या हाडाला बारीक चीर असू शकते, तिथे तपासणी हवीच आणि बॉलिंग पण थांबवायची. सकाळी उठल्यावर अर्धा तासापेक्षा जास्त वेळ पाठ आखडलेली राहते आणि हालचालीनं मोकळी होते, हे पण दाखवून घ्या, तो संधिवाताचा प्रकार असू शकतो आणि तो बरेचदा तरुण वयातच सुरू होतो.

ह्यातलं काही नसेल तर हालचाल चालू ठेवणं हाच सगळ्यात मोठा उपाय, आणि नेमकी तिथेच सगळी बोंब आहे. निम्मे पालक माझ्याकडे पीटीच्या तासातनं वर्षभर सूट मिळावी म्हणून चिठ्ठी मागायला येतात. चिठ्ठी मी देते, पण तिच्यात लिहिते की दोन आठवडे उड्या आणि जड उचलणं नको, चालणं, हळू पळणं, बाकीचा व्यायाम चालू ठेवा आणि मग हळूहळू सगळं सुरू करा. काही जण ती वाचून तिथेच ठेवून जातात आणि दुसरीकडनं पूर्ण सुटीची आणतात.

– एक फिजिओथेरपिस्ट