उंचावर केक का बसतो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

केकची कृती छापताना तिची प्रमाणं सखल भागासाठी आहेत, एवढं तरी नमूद करावं. साधारण १००० मीटरच्या वर तीच कृती फसू लागते आणि खापर बिचाऱ्या ओव्हनवर फुटतं. खरं कारण हवेचा कमी दाब. बेकिंग पावडरचा वायू जास्त प्रसरण पावतो, केक भराभर फुगतो आणि आतला भाग धरण्याआधीच मधोमध खचतो. शिवाय १५०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं. ओलावा लवकर उडतो, उरलेल्या मिश्रणात साखर जास्त होते.

तेवढ्या उंचीवर दर चमचा बेकिंग पावडरमागे अष्टमांश ते पाव चमचा कमी करावा. कपभर साखरेतून एक-दोन मोठे चमचे काढावेत, कपभर दूध-पाण्यामागे दोन ते चार वाढवावेत. ओव्हन ८ ते १४ अंश सेल्सिअसने जास्त तापवावा आणि पाच मिनिटं आधीपासून लक्ष ठेवावं, दार न उघडता. अंड्याचा पांढरा भाग कडक फेटू नये. सगळे बदल एकदम केले तर नेमकं काय चुकलं ते कळत नाही. पहिली कपात बेकिंग पावडरची. यीस्टच्या पिठाला घड्याळ लावू नये, दुप्पट झालं की पुरे.

– एक वाचक