अण्णांच्या फोनचे कोपरे

विश्रामबाग, सांगली
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

दसऱ्यानंतर तुझे दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा फोन माझ्या हातातच होता, उचलला नाही. का ते पुढं येईल. वाचून झाल्यावर तू माझ्यावर भडकायचं की मी तुझ्यावर, हे अजून ठरायचं आहे. बाकी तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, हिचा गुडघा आहे तसाच. कृष्णामाई यंदा शहाण्यासारखी वागली.

पत्र कागदावर लिहितोय, कारण सोबत एक आखलेला कागद आहे. तो भरून परत पाठवायचा आहे. पण आधी हे सगळं वाच, थेट त्या कागदाकडं जाऊ नकोस. भूमितीत प्रश्न न वाचता आकृती काढत सुटणारा गडी तू.

तर घटस्थापनेच्या आधीचा रविवार. जळमटं काढून झाली, डबे घासून झाले आणि माझ्या हाताला काम उरलं नाही. मग माझाच फोन घेऊन बसलो. एकशे बारा ॲप निघाली, लेका. त्यातली तीन तर पावसाचा अंदाज सांगणारी, आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. निम्मी काढून टाकली. उरलेल्यांना एकावर एक ओढून फोल्डर केले, 'पैसे', 'प्रवास', 'सरकारी' अशी नावं दिली. आकडे दाखवणारे ते लाल ठिपके बंद केले. नवीन ॲप आलं की आपलं आपण पहिल्या पानावर येऊन बसतं, तेही सेटिंगमधून बंद केलं. शेवटी एकच पान उरलं आणि खालच्या पट्टीत चार चिन्हं. हिला दाखवलं तर म्हणाली, "देवघरातला कोनाडा एवढा मोकळा ठेवला असता तर पुण्य लागलं असतं." तिचा फोन मागितला, तर स्वयंपाकघरात आणि तिच्या फोनात हात घालायचा नाही म्हणाली. ती सुटली. अण्णांचा फोन मात्र चार्जिंगला लावलेला सापडला, अण्णा आंघोळीला गेले होते.

तो पसारा तुला सांगायला नको. का नको, तेही पुढं येईल. मला जे दिसलं ते असं: तीन पानं, आणि तिन्ही पानांवर मधोमध काहीच नाही. सगळी चिन्हं कडेकडेला आणि कोपऱ्यांत. व्हॉट्सॲप तिन्ही पानांवर, तेही एकाच जागी. एका कोपऱ्यात आत्याचा फोटो, म्हणजे दाबला की थेट जयसिंगपूरला फोन लागणार. मागं चित्र नाही, फुल नाही, गणपती नाही, नुसता हळदीसारखा पिवळा रंग. मला वाटलं, म्हातारपणी बोट इकडंतिकडं लागून झालंय हे सगळं. रिकाम्या जागेवर बोट दाबून धरलं आणि कामाला लागलो.

बारीक उचापती सांगत नाही, मोठ्या सांगतो. चार आडव्या नि पाच उभ्या घरांची मांडणी होती, ती पाच-सहाची केली. चिन्हं लहान झाली, पण नीटनेटकी. दुबार असलेली सगळी 'रिमूव्ह' केली. (तिथं 'अनइन्स्टॉल' शेजारीच असतं, तेवढं मात्र जपून केलं. अख्ख्या प्रकरणात शहाणपण म्हणावं असं तेवढंच.) आत्या फोनबुकात आहेच की, म्हणून तिचा फोटो काढला. भजनं, पंचांग, रेल्वे असं सगळं फोल्डरांत घातलं. आत्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं ॲप ठेवलं. रात्री बाथरूमला जाताना उपयोगी पडेल, म्हटलं. आणि पिवळ्या रंगाच्या जागी आईचा फोटो लावला, बालाजीला गेलो होतो तेव्हाचा.

अण्णांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून जरा बाजूला धरून बघितला नि म्हणाले, "छान आहे." मी खूश.

पहिल्या माळेपासून आमच्या घरात दोन दिवे लागायला लागले. एक देवापुढचा नंदादीप, दुसरा अण्णांच्या खोलीत. हीच म्हणाली, "अण्णांच्या खोलीत रोज सातला बॅटरी कशाला लागते हो?" मी म्हटलं, शोधत असतील काहीतरी. सहाव्या माळेला आत्याचा फोन मला आला, अण्णा रुसलाय का म्हणून विचारायला. रोज सातला करायचा तो आठवडाभर नाही. मी जाऊन दारात उभा राहिलो. सातचे टोले पडले. अण्णा पलंगावर बसलेले. त्यांनी फोन उचलला, डाव्या अंगठ्यानं कड चाचपली, वरच्या कोपऱ्यावर दाबलं आणि फोन कानाला लावला. मागची बॅटरी भक्कन पेटली, समोरच्या भिंतीवर हा एवढा उजेड. अण्णा कान देऊन बसले. मिनिटभरानं म्हणाले, "उचलत नाही." आणि फोन उशाशी ठेवला. बॅटरी तशीच चालू.

बाळ्या, मी आत गेलो नाही. गच्चीत जाऊन उभा राहिलो.

तुला बरण्या आठवल्या असणार. मलाही त्याच आठवल्या. १९८५ ची दिवाळीची सुट्टी, आपण आठवीत, आणि गणपती पेठेतल्या दुकानातल्या बरण्या आपण अकारविल्हे लावल्या. कल्पना तुझी होती. तू काहीही म्हण, माझं आजही तेच म्हणणं आहे. ओव्यापासून सुरुवात केली होती, ज्ञ वरून काहीच सापडेना म्हणून तू रडवेला झाला होतास. संध्याकाळी लाईट गेले. अण्णांनी सवयीनं हात घातला आणि गुरुजींना खडीसाखर म्हणून पावशेर तुरटी बांधून दिली. सत्यनारायणाच्या प्रसादाला आख्ख्या आळीची तोंडं कशी वाकडी झाली होती! थप्पड तुला एकट्याला बसली, हा मात्र अन्याय झाला, तेवढं मी कधीही मान्य करीन. नंतर अण्णांनी रात्री अकरापर्यंत बसून सगळ्या बरण्या पुन्हा होत्या तिथं लावल्या. दिवा न लावता. "हात जाईल तिथं माल पाहिजे," म्हणत होते, "डोळा जाईल तिथं नव्हे." तेव्हा वाटलं होतं, म्हातारा अडाणी आहे. म्हातारा कसला, चाळिशीतला होता. आपण आज त्यांच्यापेक्षा म्हातारे आहोत.

आणि २०१९ च्या ऑगस्टात पूर ओसरल्यावर आपण तिघं दुकानात शिरलो होतो. गुडघाभर चिखल, फळ्या वाकलेल्या, अंधार. अण्णा भिंतीला हात लावत चालले होते: इथं जिरं, इथं धने, इथं बडीशेप. तू रडलास, मी नाही. मला वाटलं ते हिशोब करतायत.

दसरा झाल्यावर मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. आधी "चष्म्याचा नंबर वाढलाय" म्हणून हटून बसले होते, मग आले. डॉक्टरांनी हातात एक छोटं कार्ड दिलं. त्यावर बारीक चौकोनांची जाळी, मधे एक ठिपका. एक डोळा झाकायचा आणि ठिपक्याकडं बघायचं. अण्णांनी विचारलं, "ठिपका कुठाय?" रेषा कशा दिसतात म्हटल्यावर म्हणाले, "कडेला सरळ आहेत, मधे पाण्यात पडल्यागत." पडद्याच्या मधल्या भागाची झीज, कोरड्या प्रकारची. गेलं ते परत येत नाही, पण कडेचं दिसत राहतं. रेषा एकदम जास्त वाकड्या दिसायला लागल्या तर त्याच दिवशी या, म्हणाले, कारण ओल्या प्रकाराकडं वळलं तर डोळ्यात इंजेक्शन देता येतात. मी ते कार्ड हातात धरून बसलो होतो. कडेनं सगळं शाबूत, मधे काही नाही. अण्णांचा फोन अगदी तसाच होता, मी नीटनेटका करायच्या आधी.

परतीच्या रिक्षात विचारलं, कधीपासून? म्हणाले, दुकान बंद करायच्या आधीपासून. पुरानं बंद पाडलं असं सगळ्यांना वाटलं, ते बरंच झालं. मग म्हटलं, कुणाला माहीत होतं का?

"बाळूला आहे. त्यानंच लावून दिलं होतं फोनवर सगळं."

आता कळलं फोन का उचलला नाही? मे महिन्यात मिरजेच्या लग्नाला आलास. मी बँकेतून येईस्तोवर तुम्ही दोघं दार लोटून बसलेले. काय चाललंय विचारलं तर म्हणालास, "राजकारण." आणि मी भडंगाच्या पुड्या बांधून तुला स्टँडवर सोडायला आलो, गाढवासारखा! वाटेत अर्धा तास होता तुझ्याकडं. एका शब्दानं बोलला नाहीस. त्या रात्री रागानं तुला चार पानी मेसेज लिहिला होता, तुझ्या नशिबानं रेंज नव्हती.

मग अण्णांनाच विचारलं, मला का नाही सांगितलं. ते म्हणाले, "तू लगेच नीट करायला बसतोस."

यावर काय बोलणार? मी खरोखर बसलो होतो की. घरी आल्या आल्या आणखी नीट करायला बसलो. फोन बोलून दाखवतो ती सोय चालू केली. एकदा स्पर्श केला की बाई नाव सांगते, दोनदा टकटक केलं की उघडतं, पान सरकवायला दोन बोटं लागतात. हे मला कळेपर्यंत बाईनं घर डोक्यावर घेतलं. मला ती बंदही करता येईना, कारण 'बंद करा'वर बोट ठेवलं की ती फक्त 'बंद करा' एवढंच म्हणायची. शेवटी चिंगीनं आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली, तेव्हा शांत झाली. अण्णा म्हणाले, "चांगली होती, पण मधे मधे बोलत होती. तुझ्या आईसारखी."

मांडणी परत पहिल्यासारखी करायला 'मागे घ्या' असं काही नसतं तिथं. अण्णांना विचारून उपयोग नाही, काय कुठं होतं ते त्यांना शब्दांत सांगता येत नाही. मग परवा एक युक्ती केली. फोन बंद करून त्यांच्या हातात दिला, काचेवर आरपार दिसणारा कागद चिकटवला नि म्हटलं, आत्याला फोन लावा. अंगठा गेला तिथं स्केचपेननं फुली. भजन लावा. फुली. व्हॉट्सॲप, पंचांग, डॉक्टर, चिंगी. एकदाही चुकला नाही अंगठा. पाच-सहाची घरं परत चार-पाच केली, तेव्हा फुल्या बरोबर घरांत बसल्या. पिवळा रंग परत लावला. आईच्या फोटोचं मी काही बोललो नाही, त्यांनीही नाही. आणि ती मांडणी कुलूपबंद करायची सोय असते ती चालू केली. हे कुलूप माझ्यासाठी आहे.

एक मात्र तुला मानलं. ती मधली घरं मोकळी सोडायची अक्कल तुला कुठून आली? तुझ्या त्या आयफोनला, ज्याच्यावरून तू मला बारा वर्षं हिणवलंस, २०२४ च्या आयओएस १८ पर्यंत मधे एक घर रिकामं सोडता येत नव्हतं. सगळं डाव्या कोपऱ्यातून रांगेत, रेशनच्या दुकानासारखं. आमच्या गरीब अँड्रॉइडवर पहिल्यापासून येतं. हे लिहून ठेव.

अरे हो, तुझं विचारायचंच राहिलं. नव्या जागेचा ताबा मिळाला का? वहिनींच्या शाळेचं काय झालं? लेकीचं जर्मनीचं पक्कं झालं असेल तर पेढे पाठव, झालं नसेल तरी पाठव. तुझी शुगर मला विचारायची नाही असं ठरलंय, म्हणून विचारत नाही.

आता तो कागद. तीन पानं आखली आहेत, चार आडवी पाच उभी. सापडलं ते निळ्या शाईनं भरलंय. रेल्वे पहिल्या पानावर उजवीकडं होती की दुसऱ्या, तेवढं बघ. अण्णांचा अंगठा तिथं घुटमळतो, म्हणजे तू मधेच बदललं असणार. आणि दुसऱ्या पानाचा डावा खालचा कोपरा. सकाळी चहाच्या आधी त्यांचा अंगठा तिथं जातो, दाबतो, थांबतो, परत येतो. मी म्हटलं, इथं काय होतं अण्णा? म्हणाले, "बाळूला विचार. सांगितलं तर सांगेल."

ते घर मोकळं सोडलंय. काय होतं ते मला सांगायचं नसेल तर सांगू नकोस. दिवाळीला ये आणि तूच लाव. कुलूप कसं काढायचं ते चिंगीला माहीत आहे.

तुझा,
पक्या