साधेपणाच्या पलीकडचे आबा

सांगोल्याचे (जि. सोलापूर) दिवंगत आमदार गणपतराव ऊर्फ आबा देशमुख यांच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. आबांचा एसटीचा प्रवास आणि साधी राहणी यांचे कौतुक रास्तच. पण अशा लेखांत साधेपणाच सगळी जागा खातो आणि काम बाजूला राहते. सांगोल्याने त्यांना १९६२ ते २०१४ या काळात ११ वेळा विधानसभेवर पाठवले, ते काही एसटीच्या तिकिटाकडे बघून नव्हे. याच मतदारांनी १९७२ आणि १९९५ मध्ये त्यांना घरीही बसवले होते. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदेतून १३ दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेच्या पाण्याचा तगादा त्यांनी वर्षानुवर्षे लावला. सरकारे बदलली, मागणी तीच राहिली. २०१९ मध्ये आबा थांबले, नातू थोडक्यात हरला; २०२४ मध्ये दुसरा नातू आमदार झाला. आजोबांची पुण्याई एका निवडणुकीपुरती ठीक. टेंभू, म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा सिंचन योजनांचे पाणी तालुक्यातल्या शेवटच्या शिवारापर्यंत किती पोहोचले, हे आपल्या वार्ताहराने गावोगाव फिरून पाहावे आणि पुढच्या स्मृतिदिनी तोच हिशेब छापावा.

– एक वाचक, पंढरपूर