लाल ठिपका आणि तुमचा आंबा

बाळ्या,

शिव्या आधीच घालून घे. गणपतीपासून तुझे तीन मेसेज तसेच पडून आहेत. मी बरा, गुडघा तसाच. पण काल जे झालं ते बायकोला सांगून बघितलं, ती म्हणाली "बरं, मग?" म्हणून तुला लिहितोय.

तो इन्फ्रारेडचा रोल शेवटी मारला. रोलाय ४०० फिल्म, वर आर ७२ फिल्टर, दिसणारा उजेड जवळजवळ सगळा अडवून इन्फ्रारेड तेवढं आत सोडणारा. आपली ती कोडॅकची एचआयई इन्फ्रारेड फिल्म तर २००७ सालीच बंद झाली, आणि आपल्याकडचा एकुलता एक रोल रायगडावर भर उन्हात कॅमेऱ्यात कोणी भरला ते मी काढत नाही. (काढलंच.) हा मी काकूंच्या माजघरात दार लावून भरला. फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये ठार अंधार, त्यामुळे आधी ट्रायपॉडवर फ्रेम लावा, मग फोकस, मग फिल्टर, मीटरवर भरवसा नाही म्हणून एफ ११ वर पाव, अर्धा, एक सेकंद असे तीन-तीन फोटो, तेवढ्यात वारा सुटला की माडाच्या झावळ्यांचं पार पीठ. आणि हो, फोकस लेन्सवरच्या इन्फ्रारेडच्या लाल ठिपक्यावर सरकवला. इतकी वर्षं भांडलो की तो ठिपका शोभेचा आहे. होतास बरोबर. पुरे आता.

काल रात्री बाथरूममध्ये रोल धुतला, स्कॅन केला. आकाश काळंभोर, विहिरीचं पाणी डांबर, माड, फणस, कुंपणाची जास्वंदसुद्धा पांढरीशुभ्र. आणि अण्णांनी लावलेला तुमचा परसातला हापूस... डावीकडून पांढरा, विहिरीकडची मोठी फांदी राखाडी. तिन्ही फोटोंत. सावली म्हणावं तर फणस त्याच सावलीत, आणि तो चकाकतोय. धडधाकट पान इन्फ्रारेड परत फेकतं, झाड आजारलं की ते कमी होतं, विमानातून जंगलं अशीच तपासतात, हे मला तूच ऐकवलेलंस ना? नुसत्या डोळ्याला फांदी हिरवीगार दिसते रे. आता माझ्यासारख्याने तीन फोटोंवरून झाडाला रोगी ठरवायचं म्हणजे नाडी न बघता तेरावं जेवायला बसणं, पण झोप नाही लागली.

सकाळी डबा परत द्यायच्या निमित्ताने गेलो. बुंध्याशी थोडा भुसा पडलाय. खोडकिडा म्हणावं तर काकू तिथेच लाकडं फोडून घेतात. त्या म्हणाल्या, यंदा बघ कसा मोहरतो, अण्णा गेल्यापासून एकदाही चुकला नाही. मी चहा प्यायलो आणि गप्प आलो.

नवीन ऑफिस कसंय? पिल्लूची दहावी ना यंदा? वहिनींना सांग, लोणचं पोचलं.

तर, कृषीवाल्या कोणाला आणून दाखवू का? काकूंना सांगेन खत बघायला आलाय. स्कॅन पाठवतोय, एक सेकंदाचा बघ, पाववाला उजेड कमी पडून काळपट आलाय. आणि काकूंना फोन करशील तेव्हा आंब्याचं काही विचारू नकोस, तुझ्या आवाजावरून त्यांना लगेच कळतं.

तुझा,
गज्या