हवालदारानं खरं बोलायचं ठरवलं तर जायचं कुठं?

संपादक साहेब, नमस्कार.

पोलीस खातं कसं आहे यावर टपरीवर सगळेच बोलतात, मीपण बोलतो. पण खात्यातलाच एखादा उठून "साहेब हे चुकीचं चाललंय" म्हणाला की त्याचं काय होतं ते घरातच बघितलंय, म्हणून लिहितोय.

आमचे दाजी सातारा जिल्ह्यात हवालदार. ठाण्याचं नाव नको. चार वर्षांपूर्वी रात्री ठाणे अंमलदार होते, पहाटे वाळूचा डंपर धरून आणला, भरलेला, खालून पाणी अजून गळत होतं, आणि उजाडायच्या आत फोन आला की डायरीला रिकामा लिहा. दाजींनी भरलेला लिहिला. नंतर वर एक अर्ज दिला की असे फोन येतात. तो अर्ज चौथ्या दिवशी खाली आला, ज्यांच्याविरुद्ध होता त्यांच्याच टेबलवर, "चौकशी करून अहवाल द्यावा" असा शेरा मारून. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच की ओ!

मग मुख्यालयात बदली, कारण "प्रशासकीय". मग टोपी नव्हती म्हणून कसुरी, म्हणजे कामात कसूर केल्याचा रिपोर्ट. मग ताई दवाखान्यात ॲडमिट असताना तीन दिवस घरी राहिले, फोनवर कळवलेलं, तरी विनापरवाना गैरहजर म्हणून डीई, म्हणजे खातेनिहाय चौकशी लागली आणि एक इन्क्रीमेंट गेली. यातलं एकही कागदावर डंपरमुळं झालेलं नाही. सूड कधी सूड म्हणून लिहून येत नाही, तो बदली, कसुरी, डीई असाच येतो आणि कोर्टात गेलं तरी माणसालाच सिद्ध करावं लागतं की हे मुद्दाम केलंय, ते कसं करणार सांगा.

आणि गंमत म्हणजे यावर कायदा आहे! गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेत पास झाला, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. त्यात लिहिलंय की तक्रार करणाऱ्याला त्रास दिलेला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी खात्याची. त्याचं नाव फोडलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि मुद्दाम खोटी तक्रार केली तर करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत, म्हणजे एकतर्फी पण नाही. पण तो लागू करायची अधिसूचनाच आजतागायत निघालेली नाही. २००३ ला गयेत सत्येंद्र दुबे नावाच्या हायवेच्या इंजिनिअरला गोळ्या घातल्या, त्यानंही पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलं होतं, त्यानंतर हा कायदा यायलाच दहा वर्षं गेली.

बरं पोलिसाला पेपरात जाता येतं का? नाही. १९६६ च्या कायद्यानं परवानगीशिवाय पेपरवाल्यांशी बोलला तर दोन वर्षांपर्यंत कैद. साधा क्लार्क निदान संघटनेकडं जातो, पोलिसाला युनियनपण नाही. बाहेरचं पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पण ते लोकांनी पोलिसांविरुद्ध तक्रार करायला, आतल्या हवालदारानं आपल्या साहेबाविरुद्ध जायला तिथं सोय काय, ते दाजींना कुणी सांगितलं नाही.

सांगलीचं २०१७ आठवतंय ना? शहर पोलीस ठाण्यात कोठडीत पोरगा मेला, बॉडी आंबोलीत नेऊन जाळली आणि आरोपी पळून गेला असं सांगितलं. त्या रात्री ठाण्यात ड्युटीवर किती जण होते मला माहीत नाही. पण त्यातल्या एखाद्याला रात्री बारा वाजता बोलावंसं वाटलं असतं तर त्यानं फोन कुणाला लावायचा होता?

कुणी म्हणेल सगळे तक्रारदार काय धुतल्या तांदळासारखे नसतात. मान्य. परमबीर सिंगांनी २०२१ ला मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून बदली झाल्यावर तीन दिवसांत गृहमंत्र्यांवर वसुलीचा आरोप करणारं पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिलं, तोवर उघडपणे काही बोलले नव्हते, त्याला मी धाडस म्हणणार नाही. पण माणूस कसाय हे नंतर बघा, आधी तो काय सांगतोय ते खरं का खोटं बघा. आणि तो आयुक्त होता म्हणून त्याचं पत्र देशभर वाचलं गेलं, आमच्या दाजींच्या अर्जावर आवक नंबर पडला तेवढंच.

म्हणून सरकारला एवढंच म्हणणं आहे, केंद्राची वाट बघत बसू नका. अर्ज खात्याच्या बाहेर, निवृत्त न्यायाधीशासारख्या माणसाकडं जाऊ दे आणि तिथं चौकशी चालू असेपर्यंत त्या पोलिसाची बदली, डीई, कसुरी काहीही त्यांच्या सहीशिवाय होऊ नये. अर्ज खोटा निघाला तर खुशाल घरी पाठवा.

हे पत्र दाजींना वाचून दाखवलं. त्यांनी नदीचं नाव आणि डंपर कुणाचा होता ते काढायला लावलं. मे अखेर रिटायर होतायत, पेन्शनची फाईल अजून वर सहीला आहे म्हणाले.

आपला,
एक वाचक, सातारा (नाव छापू नये ही विनंती)