नुसते शेजारी बसवून काय होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून ‘समावेशक शिक्षण’ हा शब्द प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणात ऐकू येतो. निवृत्तीपूर्वी मी हजर राहिलेल्या अशाच एका प्रशिक्षणात दिवसभर पडद्यावर स्लाइड सरकत राहिल्या. ‘सर्व मुलांना एकत्र बसवा’ यापलीकडे हाती काही लागले नाही. वास्तविक नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाही, त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परांचे सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते.

याचे वर्गातले रूप दाखवले ते सामाजिक मानसशास्त्रज्ञ प्रा. एलियट अॅरन्सन यांनी. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. अॅरन्सन यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले, धड्याचे तितकेच तुकडे केले आणि प्रत्येकाला एकच तुकडा दिला. ज्याने त्याने आपला तुकडा गटाला शिकवायचा, आणि परीक्षा मात्र सबंध धड्यावर! अडखळत बोलणाऱ्या एका मुलाची थट्टा होऊ लागली, तेव्हा थट्टा करणाऱ्यांना इतकीच आठवण दिली गेली की, त्याच्याकडचा भाग समजला नाही तर परीक्षेत तुमचेच अडेल. (तो धडा अमेरिकेतील नामवंत वृत्तपत्र-प्रकाशक जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचा होता, हे वृत्तपत्राला कळवायला हरकत नाही.)

रत्नागिरी तालुक्यातील माझ्या पंधरा मुलांच्या वर्गात मी हे करून पाहिले. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातील एक मुलगा हंगामाच्या मध्येच दाखल झाला होता. त्याला ‘ळ’ येत नसे, आणि त्याने ‘फळ’ला ‘फल’ म्हटले की वर्ग खिदळे. खाडीवरच्या पाठाचे पाच तुकडे केले, त्यात कांदळवनाचा त्याच्या वाट्याला आला. ‘कांदलवन’ ऐकून नेहमीप्रमाणे हशा पिकला, तोच बंदरावरची एक मुलगी कडाडली, “हसता काय रे, प्रश्न त्याच्याच कागदावर हाय!” मग त्याच्याकडून तो परिच्छेद तीनदा वाचून घेतला गेला. आंबा संपताच तो गेला, तेव्हा एका तासाने त्याचे आयुष्य बदलले असा माझा दावा नाही. पण त्या दिवसानंतर त्याला ‘गुरख्या’ म्हणून हाक मारलेली मी ऐकली नाही.

एक कबुलीही द्यायला हवी. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना ‘अमुक प्रवर्गाची मुले उभी राहा’ असे मी वर्षानुवर्षे भर वर्गात म्हणत आले. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांचा उत्तर प्रदेशातील खेड्यांमधला प्रयोग पुढे वाचनात आला. जात जाहीर केली नव्हती तोवर दलित व सवर्ण मुलांनी कागदावरची वाट शोधण्याची कोडी जवळपास सारखीच सोडवली; सर्वांसमक्ष जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. ज्यांना मी उभे केले, त्यांतल्या कित्येकांना मी नंतर ‘लक्ष नाही’ म्हणून रागावलेही होते.

तेव्हा यापुढील प्रशिक्षणात स्लाइडऐवजी शिक्षकांचेच असे गट करून एक पाठ घ्यावा, आणि प्रवर्गाची माहिती वर्गात न विचारता दाखलखारीज रजिस्टरवरून भरावी, एवढी शिक्षण विभागाला आपल्यामार्फत विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, रत्नागिरी