इंधनाच्या वड्यांच्या पाकिटावर मराठीत चार ओळी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर माझ्या सात वर्षांच्या भाच्याने चहासाठी नेलेली घन इंधनाची वडी खडीसाखर समजून तोंडात घातली. तो आता ठणठणीत आहे. पण त्या रात्री जे पाहिलं ते आपल्या वाचकांना सांगावं असं तेव्हापासून मनात आहे. सुट्ट्यांत मुलाबाळांसह गडावर मुक्कामाला जाणारी कुटुंबं दरवर्षी वाढताहेत आणि या वड्या आता बऱ्याच पाठपिशव्यांत असतात.

माझं संगमनेरला औषधांचं दुकान आहे. गेली २२ वर्षं मी काउंटरवर उभी आहे आणि कॉलेजात असल्यापासून गड फिरते आहे. त्यामुळे या वड्यांच्या दोन्ही बाजू मला जवळून ठाऊक आहेत.

आम्ही तीन घरचे अकरा जण पाचनईहून चढलो होतो. जेवण वर एका ताईंच्या झोपडीत सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे फक्त चहाचं सामान होतं. गणेश गुहेजवळ भावाने पत्र्याची छोटी घडीची शेगडी मांडली आणि पाकीट फोडलं. पांढऱ्या चौकोनी वड्या, किंचित चकाकणाऱ्या, पारदर्शक कागदात एकेक गुंडाळलेल्या. एक वडी फुटली होती, तिचे खडे दगडावर सांडले. आम्ही वाऱ्याला आडोसा करण्यात गुंतलो होतो. तेवढ्यात भाचा माझा दुपट्टा ओढत म्हणाला, "आत्या, ही साखर आधी गोड लागते, मग कडू होते."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण अशा वड्या बहुधा ज्या रसायनाच्या असतात त्या हेक्झामिनची चव नेमकी अशीच असते. त्याच्या मुठीत एक अख्खी वडी होती. तिच्या एका कोपऱ्यावर दोन दातांच्या खुणा होत्या आणि करंगळीच्या नखाएवढा तुकडा गेला होता. तोंडातलं थुंकायला लावलं, ओल्या फडक्याने जीभ आणि हिरड्या पुसल्या, चुळा भरायला लावल्या, थोडं थोडं पाणी पाजलं. कोणीतरी म्हणालं, मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. मी ते होऊ दिलं नाही. पोटात काय गेलंय हे पक्कं माहीत नसताना घरी उलटी करवायची नसते, कारण घसा दुसऱ्यांदा भाजतो आणि उलटी श्वासनलिकेतही जाऊ शकते.

मग मी बॅटरीच्या उजेडात पाकीट वाचायला घेतलं. एका बाजूला ज्वालेचं चित्र, दुसऱ्या बाजूला आमच्यापैकी कोणालाच न वाचता येणाऱ्या लिपीतला मजकूर, आणि कोपऱ्यात इंग्रजीत वजन. आत कोणतं रसायन आहे ते कुठेच नाही. मुलांपासून दूर ठेवा, एवढंसुद्धा नाही. अंधारात भाचा भावाच्या खांद्यावर आणि आम्ही दोघी मागे, असे पाचनईला उतरलो. तिथून जीपने राजूर. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "काय खाल्लंय?" आणि दोन दशकं औषधं विकणाऱ्या मला उत्तर द्यावं लागलं, "बहुतेक हेक्झामिन." ते "बहुतेक" अजून मला बोचतं. डॉक्टरांनी रात्रभर लक्ष ठेवलं, लघवी तपासली, सकाळी सोडलं.

हेक्झामिन अमोनिया आणि फॉर्मल्डिहाईड यांच्यापासून बनतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ बुतलेरोव यांनी ते १८५९ मध्ये पहिल्यांदा तयार केलं. १९३६ मध्ये जर्मनीत एरिख शूम यांनी त्याच्या इंधनवड्या आणल्या. 'एस्बिट' हे नाव या वड्यांच्या, शूम यांचं नाव असलेल्या, जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून पडलं. त्या वड्या सैनिकांच्या पिशव्यांत गेल्या आणि तिथून गिर्यारोहकांकडे आल्या. माझ्या दुकानात हाच पदार्थ मेथेनामिन या नावाने येतो. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्यांना डॉक्टर तो लिहून देतात. आम्लधर्मी लघवीत तो फुटतो, त्यातून थोडं फॉर्मल्डिहाईड सुटतं आणि जंतू मरतात. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुने टिकवण्याच्या फॉर्मेलिनमध्ये असतं तेच हे फॉर्मल्डिहाईड. आणि आपल्या जठरात आम्ल असतंच.

माझ्या व्यवसायातला हिशेब मांडते. मोठ्या माणसाला मेथेनामिन हिप्युरेटची एक ग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. तिच्यात मूळ मेथेनामिन साधारण ४४ टक्के असतं. बाजारातली मोठी इंधनवडी १४ ग्रॅमची असते. ती सारी हेक्झामिनचीच धरली तर तिच्यात अशा ३२ गोळ्यांइतका ऐवज होतो, म्हणजे मोठ्या माणसाचा १६ दिवसांचा. लहान चार ग्रॅमच्या वडीतही नऊ गोळ्यांएवढा भरतो. मुलाने नखाएवढा तुकडा चाखला तर एकवेळ निभावतं. अख्खी वडी चघळली तर काय होईल, याचा विचार त्या रात्री जीपमध्ये मी पुन्हा पुन्हा करत होते.

शिवाय पांढरी इंधनवडी म्हणजे हेक्झामिनच, असंही नाही. ट्रायऑक्झेनच्या वड्या असतात. युरोपात एके काळी मेटाल्डिहाईडच्या वड्या सर्रास जाळत. मेटाल्डिहाईड आपल्या शेतकऱ्यांना वेगळ्या कारणाने माहीत आहे. सोयाबीनवर गोगलगायी आल्या की त्याच्या दाणेदार गोळ्या शेतात टाकतात, आणि कुत्र्याने त्या खाल्ल्या तर त्याला झटके येतात. गडावर प्रत्येक गटामागे एखादं कुत्रं चालत येतंच. उरलेला चुरा दगडाआड टाकून देणाऱ्यांनी त्या कुत्र्याचाही विचार करावा. म्हणून पाकिटावर रसायनाचं नाव हवं. डॉक्टरला उपचार ठरवायला तेच लागतं.

हे सगळं वाचून कोणी वड्यांवर बंदी मागेल, तर मी त्याच्या बाजूने नाही. नव्वदच्या दशकात आम्ही रॉकेलचा स्टोव्ह वाहून न्यायचो. एकदा रतनगडाच्या वाटेवर बाटलीचं बूच सैल झालं आणि पिशवीतले पोहे, तांदूळ, पांघरूण, सगळ्याला रॉकेलचा वास लागला. ज्यांच्याकडे स्टोव्ह नसे ते कारवीची काटकं आणि मिळेल ती फांदी तोडून लेण्यांत, देवळाच्या ओसरीत तीन दगड मांडत. त्या चुलींची काजळी अजून छतावर आहे, हात लावला तर बोट काळं होतं. ज्या कातळावर कोणा पाथरवटाने छिन्नी चालवली, तो आपल्या खिचडीसाठी काळा करायचा कोणालाही अधिकार नाही. गॅसची छोटी नळकांडी सोयीची खरी, पण महाग, आणि रिकामी झाली की कड्याखाली फेकलेली दिसतात. वडी मात्र धूर करत नाही, राख ठेवत नाही आणि पिशवीत काडेपेटीएवढी जागा घेते. चहापुरतं तिच्याइतकं सोपं काही नाही.

फक्त चहापुरतं, हे मी मुद्दाम लिहिते. वाऱ्याला नीट आडोसा असेल तर १४ ग्रॅमची वडी बाराएक मिनिटं जळते आणि अर्धा लिटर पाणी माझ्या घड्याळाने आठ-नऊ मिनिटांत उकळतं. आडोसा नसेल तर वडी संपते आणि पाणी नुसतं कोमट होतं. १४०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तूरडाळ शिजायच्या आत पाकीट रिकामं होईल. डाळ-भात हवा असेल तर पाचनईच्या, रतनवाडीच्या ताईंना सांगा. पिठलं, भाकरी आणि ठेचा त्या करतात तसा आपल्याला गडावर जमत नाही, आणि आपले पैसे त्या घरात जातात.

वापरणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं. वडी काडीने पटकन पेट घेत नाही, कापराचा चिमूटभर चुरा वर ठेवला की धरते. भांड्याच्या बुडाला तपकिरी चिकट थर बसतो. आजी चुलीवर ठेवण्याआधी पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा हात द्यायची, तसा दिला की तो थर मातीबरोबर निघून येतो. विझवायला फुंकर मारू नका, वाफ नाकाडोळ्यांत जाते. वर पत्र्याची वाटी पालथी घाला, उरलेला तुकडा पुढच्या चहाला चालतो. पावसाळ्यात वडी हवेतली ओल ओढून ठिसूळ होते आणि तिचा चुरा पडतो. म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवा, तोही खाण्याच्या डब्यांपासून वेगळ्या कप्प्यात. वडी हाताळल्यावर हात धुवून मगच खाऊला हात लावा.

तंबूत मात्र ती कधीही पेटवू नका. अर्धवट जळताना तिच्यातून फॉर्मल्डिहाईड आणि अमोनियासारखे डोळे झोंबवणारे वायू निघतात, कार्बन मोनॉक्साईडही निघतो, आणि त्याला वास नसतो. थंडीत तंबूची चेन लावून आत चहा ठेवणारी मुलं मी कोकणकड्याजवळ पाहिली आहेत. त्यांना उठवून बाहेर बसवलं तेव्हा ती माझ्यावर चिडली होती. वाळलेल्या गवतात, कारवीच्या रानातही वडी पेटवायची नाही. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३०व्या कलमाने गुन्हा आहे. मोकळा कातळ पाहा, वनखात्याच्या माणसाला विचारा, मगच काडी ओढा.

मुंबईकर मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. कसाऱ्याच्या लोकलने येणारे बरेच जण वड्या पिशवीत घालून येतात. ज्वालाग्राही वस्तू घेऊन रेल्वेने प्रवास करता येत नाही, रेल्वे कायद्याच्या १६४व्या कलमात त्यासाठी तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात बेकायदा आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. विमानातही या वड्या चालत नाहीत, हिमालयात जाणाऱ्यांनी तिकडे पोचल्यावरच घ्याव्यात.

आता माझी मागणी. वेष्टनावर वजन, किंमत, आयातदाराचं नाव वगैरे हिंदीत किंवा इंग्रजीत छापणं वैधमापनशास्त्राच्या २०११च्या नियमांनी बंधनकारक आहे. मराठीची सक्ती त्यात नाही. म्हणून पुणे, नाशिक, मुंबईतल्या गिर्यारोहण साहित्याच्या दुकानदारांना आणि या वड्या ऑनलाइन विकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की पाकिटावर मराठीत एक चिठ्ठी चिकटवा. आयातदाराकडून रसायनाचं नाव लेखी मागून घ्या. तो ते सांगत नसेल तर तो माल ठेवू नका. आमच्या व्यवसायात नाव नसलेली गोळी आम्ही काउंटरवर ठेवत नाही. ट्रेकचे गट चालवणाऱ्यांनीही वड्या मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि निघताना सामान वाटतानाच त्या काय आहेत ते सगळ्यांना सांगावं.

हरिश्चंद्रगडाहून आल्यावर मी दुकानातल्या चिठ्ठ्यांवर हाताने मजकूर लिहून आमच्या गटातल्या प्रत्येकाच्या डब्यावर डकवला आहे. तो असा: "हे इंधन आहे, खाऊ नाही. विषारी. यात हेक्झामिन आहे. मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा. तंबूत किंवा बंद जागेत पेटवू नका. रेल्वेत, विमानात नेऊ नका. पोटात गेल्यास उलटी करवू नका, हा डबा सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा." ज्या दुकानदाराला हा मजकूर हवा असेल त्याने तो जसाच्या तसा घ्यावा. रसायन वेगळं असेल तर तेवढं नाव बदलावं.

आपली,
एक औषधविक्रेती, संगमनेर